गरोदरपणात मेडिकेड टिकवताना: तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत दहापैकी सुमारे चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, उचलतं. करोनाकाळात थांबलेली पात्रता-तपासणी एप्रिल २०२३पासून पुन्हा सुरू झाली आणि लाखो लोकांचं कव्हर गेलं. त्यातले बहुतेक अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर कागद वेळेत न पोचण्यासारख्या कारणांनी बाहेर पडले. तुम्ही पेशंट असा, दवाखान्यात काम करत असा किंवा कुणाच्या सोबतीला गेलेला असा, काय कामी आलं ते सांगा.

क्लिनिकमधली समाजसेविका, न्यू जर्सी
आमच्याकडच्या बायका सारखी घरं बदलतात आणि फॉर्म जुन्या पत्त्यावर जातो. म्हणून मी वजन-बीपीच्याही आधी पत्ता आणि फोन नंबर विचारते. एकीने नवऱ्याला ओव्हरटाइम मिळाला म्हणून तपासणीला यायचंच बंद केलं होतं. गरोदर म्हणून नाव लागलं की मधे पगार वाढला तरी कव्हर काढता येत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! घरातली माणसं मोजताना पोटातलं बाळही धरतात. जुळी असतील तर दोन.

होणारी मावशी, शिकागो
बहिणीला गरोदरपणातला मधुमेह. सातव्या महिन्यात इन्सुलिन आणायला गेलो, तर काउंटरवर उत्तर मिळालं, 'कव्हरेज बंद दिसतंय.' साखर तपासायच्या पट्ट्याही संपत आल्या होत्या. ती आधीपासून मेडिकेडवर होती, पण गरोदर असल्याची नोंद फक्त क्लिनिकमध्ये. ती मेडिकेडच्या कार्यालयात आपोआप जात नाही, वेगळी कळवावी लागते. क्लिनिकने त्यांच्याकडचं इन्सुलिनचं एक पेन हातात ठेवलं आणि प्रसूतीच्या अंदाजे तारखेचं पत्र तिथल्या तिथे फॅक्स केलं. कागदांअभावी बंद झालेलं कव्हर ९० दिवसांच्या आत कागद दिले तर नव्या अर्जाशिवाय पुन्हा तपासतात. ती मुदत जपा.

दोन मुलांची आई, डॅलस
पहिल्या वेळी बाळंतपणानंतर दोन महिन्यांत कव्हर संपलं आणि बीपी वाढलं ते तिसऱ्या महिन्यात. गोळ्या पदरच्या पैशांनी घेतल्या. १ मार्च २०२४पासून टेक्ससने मुदत वर्षाची केली, त्यामुळे धाकट्याच्या वेळी निर्धास्त होते.

दुभाषी, बे एरिया
मेडिकेडसाठी ग्रीन कार्डला पाच वर्षं व्हावी लागतात, ती झाली नाहीत म्हणून आपल्या मुली अर्जच करत नाहीत. बऱ्याच राज्यांनी गरोदर बायकांसाठी ती अट काढली आहे. आणि कव्हर बंद होणार असल्याचं पत्र आलं, तर त्यातल्या तारखेच्या आधी सुनावणी मागा. निकाल लागेपर्यंत कव्हर चालू ठेवता येतं.