हॉटेलातलं व्हेज म्हणजे फक्त पनीर?

पोटोबा
कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटचं मेनूकार्ड उघडा. व्हेजची दोन पानं भरलेली: पनीर कढई, पनीर हंडी, लबाबदार, अंगारा, तुफानी. टेबलावर येतं काय? तांबड्या रश्शात पनीर, पांढऱ्या रश्शात पनीर, नाहीतर हिरव्यात पनीर. वांगं नाही, दोडका नाही, सुरण तर नाहीच. सकाळी तीन-चार ग्रेव्ह्यांची पातेली करून ठेवायची (कांदा-टोमॅटो, मखनी, काजू आणि मगज बियांची पांढरी, पालक), ऑर्डर आली की मिसळामिसळ करायची आणि वरून क्रीम किंवा लाल तर्री सोडायची. नावं चाळीस, चवी चार, भाव तीनशेच्या आसपास. ही शाकाहाऱ्यांची सरळ लूट आहे.

गल्ल्यावरून
हॉटेल चालवतो म्हणून बोलतो. पनीरचे तुकडे करून पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले की रात्री अकरापर्यंत चिंता नाही. ऑर्डर आली की पाच-सात मिनिटांत भाजी टेबलावर. भरल्या वांग्यांना काय लागतं? एकसारखी छोटी वांगी निवडा, चिरा द्या, काळी पडू नयेत म्हणून पाण्यात टाका, मसाला भरा, मंद आचेवर शिजवा. रविवारी रात्री दारात वेटिंग असताना वस्ताद, म्हणजे आमचा आचारी, हे करत बसणार? आधीच करून ठेवली तर उरतात, आणि दुसऱ्या दिवशी वाढली तर खराब रिव्ह्यू तुम्हीच टाकणार. आम्ही मेनूत ठेवून पाहिली. "चार वांग्यांचे २४० रुपये?" असं विचारणारं गिऱ्हाईक पनीरच्या सात तुकड्यांचे २९० निमूट मोजतं. लूट कोण करतंय मग?

माजघर
पोटोबा, तुमच्याकडे भाजी कोण निवडतं ते आधी सांगा. मी रोज गवार मोडते, मेथी निवडते, दोडक्याच्या शिरा काढते. महिन्यातून एकदा बाहेर जायचं आणि तिथेही दोडकाच? मला पनीर टिक्का हवा, तंदूरमधला, कडा करपलेला. तो माझ्या गॅसवर होत नाही. नानही त्याचसाठी. सुरणाची फार हौस असेल तर रविवारी तुम्ही करा, मी खायला येते. हाताला खाज सुटते हं, आधीच सांगते.

पोटोबा
ताई, तंदूरचं मान्य. पण तोच टिक्का नंतर गोडमिट्ट रश्शात बुडवून 'टिक्का मसाला' म्हणून देतात, तेव्हा तुमच्या करपलेल्या कडा जातात कुठे?

पंचगंगाकाठ
आणि ती व्हेज कोल्हापुरी! फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार लाल तेलात. माझ्या ओळखीच्या एकाही घरात असली भाजी शिजत नाही. आमचा तांबडा-पांढरा मटणाबरोबरचा.
गल्ल्यावरून, तुमचा हिशोबही अर्धाच आहे. इस्लामपूर-कराडकडे या, अख्खा मसूर आणि रोटीवर ढाबे चालतात. खान्देशात शेवभाजी बघा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत असतो, वाढताना जाड तिखट शेव पडली की झालं. पनीरपेक्षा झटपट. पनीरशिवाय गिऱ्हाईक येत नाही म्हणता, मग तिथे कोण जेवतं?

गल्ल्यावरून
ढाब्यावर मीही शेवभाजीच खातो, दादा. पण आमच्याकडे लोक वाढदिवसाला येतात, मुलगी बघायला आलेले पाहुणे घेऊन येतात. त्यांच्यापुढे मसूर मागवला तर यजमान कंजूष ठरतो. पनीर 'भारी' असतं, चवीचा त्यात संबंध कमी.

बिनकांद्याची
तुमचं रश्शावरून चाललंय, आमचं काय? कांदा-लसूण नको म्हटलं की वेटर हसून "जैन करून देतो" म्हणतो. बहुतेक पातेल्यांत आधीच कांदा, मग माझी भाजी कशातून निघते? म्हणून मला पानावरचं ठरलेलं जेवण बरं वाटतं. माटुंग्याला रामा नायकांची खानावळ १९४२ पासून आहे. केळीच्या पानावर त्या दिवशीच्या भाज्या येतात. निवड कमी, पण रोज वेगळं आणि ताजं. मेनूकार्डाची चाळीस नावं हाच खरा घोटाळा आहे.

रस्सावाला
मटण खातो, तरी लिहितो. चिकन हंडी, चिकन कढई, चिकन अंगारा... पातेली तीच, मालक. शाकाहाऱ्यांनी एकट्याने रडू नये. शिवाय पनीर तरी दुधाचं असतं का? वनस्पती तेलाचं स्वस्त 'अ‍ॅनालॉग' खरं पनीर म्हणून विकायला कायद्याने बंदी आहे. तुमच्याकडे कुठलं?

गल्ल्यावरून
दुधाचं. डेअरीची बिलं गल्ल्यातच असतात, कधीही या.

पोटोबा
बिनकांद्याची म्हणतात ते जमवा ना. दारात फळा लावा, रोज एकच भाजी लिहा, संपली की पुसून टाका.

गल्ल्यावरून
सोमवारी लावतो. मंदीचा वार, वस्तादही मोकळा असतो. वांगी दोनच किलो. उरली तर पार्सल तुमच्या घरी, बिलासकट.