१९७१ चे बेपत्ता जवान: 'विषय संपला' कसं म्हणायचं?

१९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या बेपत्ता जवानांच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की सिमला करारानंतर (भारत-पाकिस्तानमधला १९७२ चा करार) सगळे कैदी सुटले, त्यामुळे आता हा विषय उकरण्यात अर्थ नाही. हे मला अजिबात पटत नाही. आपण पाकिस्तानचे ९३ हजारांच्या आसपास कैदी परत पाठवले, हे खरं. पण पाकिस्तानच्या कैदेत राहिले असं मानल्या गेलेल्या आपल्या ५४ बेपत्ता जवानांचं काय? (या ५४ जणांच्या यादीत काही जण १९६५ च्या युद्धातलेही आहेत.)

मेजर अशोक सुरी यांचंच बघा. त्यांना आधी 'युद्धात ठार' ठरवलं होतं. १९७४ च्या डिसेंबरात वडिलांच्या हाती मुलाची चिठ्ठी पडली, पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक पत्र आलं. त्यात इतर भारतीय अधिकाऱ्यांचाही उल्लेख होता. अक्षर तज्ज्ञांकडून तपासून घेतलं गेलं आणि मग सरकारी नोंदीत 'ठार'चं 'बेपत्ता' झालं. असा कागद हातात आलेल्या बापाला विषय सोडून दे म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं तर नाव पकडलेल्या वैमानिकांत तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं, फक्त 'तोंबे' असं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी उभं आयुष्य या शोधात घातलं. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांपर्यंत जाऊन आले, रिकाम्या हाताने परतले. पाकिस्तानचं उत्तर एकच: आमच्याकडे कुणी नाही.

आज ते हयात असतील असं मीही म्हणत नाही. पण कुठे, कधी, कसे गेले, एवढं तरी त्या घरांना कळायला हवं. त्यासाठी दोन्ही सरकारांनी जुनी दप्तरं उघडावीत.