अर्थशास्त्राच्या मराठी नोट्स ओपन लायसन्सने टाकायच्यात, कुणी केलंय का?

अर्थशास्त्र_पुणे:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका सीनियर कॉलेजला बीएला अर्थशास्त्र शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त पोरं मराठी माध्यमाची, बरीचशी जुन्नर, खेड, भोरकडनं आलेली, कॉट बेसिसवर राहतात, पुस्तक घ्या म्हटलं की आप्पा बळवंत चौकातनं गाईड घेऊन येतात कारण तेवढंच परवडतं. गाईडात मागणीचा नियम दोन ओळींत आणि पुढं पाठ करायला मुद्दे, का आणि कसं काहीच नाही.

मागच्या टर्मला मी अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सचं (ते खुली पाठ्यपुस्तकं काढतात) प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स उघडलं आणि मागणी-पुरवठ्याचं प्रकरण मराठीत उतरवायला घेतलं. त्यांचं उदाहरण पेट्रोलचं, तेही डॉलर आणि गॅलनमध्ये. ते काढून मी मार्केट यार्डातला कांदा घातला. वर्गात शिकवताना एक मुलगा उठला, घरी कांदा लावतात त्याच्या, म्हणाला मॅडम भाव वाढला म्हणून लगेच जास्त माल कुठनं आणणार, लागवड तर तीन-चार महिने आधीच झालेली असते. पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की पुरवठा किती बदलतो, ती त्यानेच समजावली सगळ्यांना, मी फक्त फळ्यावर आकृती काढली. ते वाक्य आता प्रकरणात घेतलंय, त्याला विचारून.

आता हे ओपन लायसन्सने, म्हणजे कुणीही वापरू शकेल अशा परवानगीने, सगळ्यांसाठी खुलं करायचंय पण भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी माझ्या नोट्सची पीडीएफ ग्रुपवर फिरली आणि तीच पानं एका गाईडात छापून आली, माझं नाव नाही, चुकाही माझ्याच होत्या म्हणून ओळखलं. तर लायसन्स कुठलं लावू? नॉन कमर्शियल, म्हणजे धंद्यासाठी वापरायला मनाई, लावलं की गाईडवाले थांबतील का? आणि कॉलेज म्हणतंय हे आमच्या नोकरीत लिहिलं म्हणजे आमचं, ते खरंय का?

जुना_मास्तर:
मॅडम, आधी मनापासून अभिनंदन, कांद्याचं उदाहरण वाचून बरं वाटलं.

ते पुस्तक सीसी बाय ४.० आहे (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, बाय म्हणजे मूळ नाव द्यायचं), म्हणजे भाषांतर, फेरफार, विक्रीसुद्धा चालते, फक्त मूळ पुस्तकाचं नाव, लेखक, लिंक, लायसन्स आणि आपण काय बदललं ते स्पष्ट लिहायचं. ओपनस्टॅक्सचं नाव आणि लोगो मात्र त्या लायसन्समध्ये येत नाही, कव्हरवर लोगो लावू नका. आणि त्यांची सगळी पुस्तकं एकाच लायसन्सची नाहीत, कॅल्क्युलस नॉन कमर्शियल आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी पान उघडून बघायचंच.

तुमच्या नोट्सना माझं मत बाय-एसए, म्हणजे शेअर अलाइक. नॉन कमर्शियल लावलं की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही प्रश्न पडतो की पैसे घेऊन छापू का नको, आणि आपली पोरं तर तिथनंच घेतात. बाय-एसएमध्ये गाईडवाल्याने छापलं तरी तुमचं नाव टाकावंच लागतं, आणि त्याने त्यात भर घातली तर ती भरही त्याच लायसन्सने खुली ठेवावी लागते. नाव काढून छापलं की अटी मोडल्या, मग तुम्ही हक्काने नोटीस पाठवू शकता. आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल, मराठी विकिपीडिया दोन्ही बाय-एसए, त्यामुळे तिथला मजकूर तुमच्यात मिसळताही येतो. तुम्ही एनसी, म्हणजे नॉन कमर्शियल, लावलं तर तो मिसळता येणार नाही, हे लोकांना नंतर कळतं.

एक मात्र नीट विचार करून करा, एकदा दिलेलं सीसी लायसन्स ज्याने घेतलं त्याच्याकडनं परत घेता येत नाही.

ग्रंथालय_कट्टा:
कॉलेज म्हणतंय त्यात थोडं तथ्य आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या साहित्याचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. शिक्षकाने स्वतःच्या वेळात लिहिलेल्या नोट्स त्यात येतात का यावर वाद होऊ शकतो, म्हणून वाद घालत बसू नका, प्राचार्यांकडनं एका पानाचं पत्र घ्या की अमुक साहित्य बाय-एसएने प्रसिद्ध करायला हरकत नाही. आम्ही तसंच केलं, आठवड्यात सही झाली. सोबत सांगा की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत ई-कंटेंटला शिक्षकाला गुण आहेत, चार क्वाड्रंटमधल्या (व्हिडिओ, वाचन, चर्चा, चाचणी) पूर्ण कोर्सला १२, एका मॉड्यूलला ५. प्राचार्यांना नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, काळजी असते, त्या अंगाने बोललात की ऐकतात.

अजून एक, लोक नेहमी गल्लत करतात. दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये झेरॉक्स कोर्सपॅकच्या (पुस्तकांतली निवडक पानं झेरॉक्स करून बांधलेला संच) केसमध्ये शिकवण्यासाठी कॉपी करायला मुभा दिली ते कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ खाली. ती मुभा वर्गापुरती. दुसऱ्या पुस्तकातली आकृती स्कॅन करून नेटवर जगाला देणं वेगळं. आकृत्या स्वतः काढा, जिओजेब्रात (आलेख काढायचं सॉफ्टवेअर) दहा मिनिटांचं काम आहे.

स्टॅट्स_सर:
दोन गोष्टी स्वतःच्या अनुभवातनं. माझ्या पंधरा वर्षांच्या नोट्स जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये होत्या, कन्व्हर्टरमधनं काढल्या तर रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली, ‘सर्वेक्षण’ शोधलं की सापडेना. शेवटी अख्खी सुट्टी टाइप करण्यात गेली. तुम्ही पहिल्यापासून युनिकोडमध्ये लिहा, मुक्ता किंवा नोटो फॉन्ट घ्या, दोन्ही खुले आहेत. आणि नुसती पीडीएफ टाकू नका, लिबरऑफिसची मूळ फाइलही द्या, नाहीतर दुसऱ्या कॉलेजच्या सरांना तुमचा कांदा काढून ऊस घालायचा असेल तर ते काय करणार?

दुसरं परिभाषा. ऑपॉर्च्युनिटी कॉस्टला (एक निवडलं म्हणून सोडावा लागलेला दुसरा पर्याय) कुणी संधी खर्च लिहितं कुणी वैकल्पिक खर्च, पोरं पेपरात गोंधळतात. भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश बघून एकच शब्द धरा आणि पहिल्यांदा येईल तिथे दुसराही सांगा.

टीवायबीए_पोरगी:
मॅडम मी विद्यार्थी आहे म्हणून सांगते, आमच्याकडे लॅपटॉप नाही, सगळं मोबाइलवर वाचतो, ए फोर पानाची पीडीएफ झूम करून करून डोळे दुखतात आणि टेबल तर अर्धं बाहेर जातं. प्रत्येक प्रकरण वेगळं वेबपेज केलं तर बसमध्ये पण वाचता येईल. आणि शेवटी सोडवलेली गणितं जास्त द्या, लवचिकता काढायचं सूत्र येतं पण आकडे टाकायला घाबरतो.

अर्थशास्त्र_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाय-एसए ठरलं. पत्राचा मसुदा आज रात्री लिहिते, सोमवारी प्राचार्यांकडे जाते. @टीवायबीए_पोरगी, बाळा, मोबाइलचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी सगळं ए फोरवर मांडलं होतं. पीएमपीएमएल बसच्या तिकिटावर लवचिकतेची सहा गणितं केलीत, अजून सहा करते, आधी तू सोडवून बघशील का? कुठं अडलं ते सांग, तिथं एक पायरी वाढवते.