विषय: पोराच्या शाळेने देणगी मागितलीय, द्यायची का?

प्रेषक: उदगीरकर, न्यू जर्सी

मंडळी, नमस्कार.

एकाच आठवड्यात दोन्हीकडून एकच मागणी आली म्हणून विचारतो. लेक इथल्या खासगी शाळेत चौथीत आहे. फी भरतानाच घाम फुटतो, त्यात शाळेचं पत्र आलंय: फीमधून एका मुलाचा पूर्ण खर्च भागत नाही, तेव्हा वार्षिक निधीला हातभार लावा. खाली गेल्या वर्षी किती टक्के पालकांनी पैसे दिले त्याचा आकडा, म्हणजे न देणाऱ्याला लाज वाटावी.

आणि तिकडे लातूरला धाकट्या भावाच्या पोराला ज्युनियर केजीत घालायचंय. संस्थेचा माणूस म्हणतो, आधी इमारत निधीचं काय ते बघा, मग फॉर्म देतो. भावाने लगेच मला फोन लावला. अमेरिकेतला भाऊ असतो कशासाठी?

बायको म्हणते इथे द्या, तिथे नको. मला उलटं वाटायलंय, गरज तिकडे जास्त. काय करावं?

प्रेषक: सेलूकर, डॅलस

उदगीरकर, इथलं द्या. पन्नास डॉलर द्या, पण द्या. बाहेरचे मोठे देणगीदार आधी तेच विचारतात, की तुमच्याच पालकांपैकी किती जणांनी दिले? म्हणून त्या टक्केवारीसाठी शाळा जीव टाकते. तुम्ही दिलेल्या देणगीत तुमची कंपनी स्वतःची जोड रक्कम घालत असेल तर तो अर्ज भरायला विसरू नका, अर्धे लोक विसरतात.

करात सूट मिळते, पण शाळा नोंदणीकृत धर्मादाय संस्था असेल तरच, आणि पैसे खरोखर स्वखुशीने दिले असतील तरच. फी किंवा फीच्या बदल्यात दिलेली रक्कम देणगी म्हणून दाखवता येत नाही. 250 डॉलर किंवा वर दिले तर शाळेचं लेखी पत्र जपून ठेवा.

लातूरचं मला विचारू नका. तिथे फॉर्मच्या आधी पैसे मागतात, यातच सगळं आलं.

प्रेषक: ताई, लातूर

उदगीरकर भाऊ,

मी इकडे परत आल्यावर मुलाच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत आले. निवडून नाही हो, चिठ्ठीत नाव निघालं. इच्छुक पालकांतून सोडत काढायची असं कायद्यातच आहे. तिथे बसून जे बघितलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय. स्वतःचं लेकरू ज्या शाळेत आहे, त्या शाळेला पालकाने देणगी देऊच नये. पैसे कमी पडतात? फीचा प्रस्ताव आणा म्हणावं.

कारण फी म्हटली की हिशेब आला. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे संस्थेला पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव सहा महिने आधी कागदपत्रांसकट या समितीपुढे ठेवावा लागतो. मंजूर झालेली फी दोन वर्षं वाढवता येत नाही. पगार किती, भाडं किती, वीज किती, सगळं विचारता येतं. देणगीला यातलं काहीच लागू नाही.

मागच्या प्रस्तावात संगणक कक्षाच्या देखभालीची रक्कम होती. आमच्यात एक किराणा दुकानदार आहेत, बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सर, हा कक्ष तर पालकांच्या देणगीतून झाला ना? मग ती जमा कुठंय?" मुख्याध्यापकांनी क्लार्ककडे बघितलं, क्लार्कने फाईलकडे. पैसे निघाले दुसऱ्याच ट्रस्टच्या पावतीपुस्तकावर. म्हणजे जमा तिकडे आणि देखभाल आमच्या फीत! देखभालीची ओळ त्या दिवशी खोडली गेली. जमेचं काय झालं ते मात्र आजवर कळलं नाही, विचारलं की उत्तर ठरलेलं: ताई, लोकांनी स्वखुशीने दिलंय ना.

वर शिक्षकांची पंचाईत होते ती वेगळीच. वॉटर कूलर कुणाच्या वडिलांनी दिला ते वर्गातल्या बाईंना माहीत असतं, कूलरवर नावच रंगवलेलं असतं. मग गॅदरिंगला शिवाजी महाराज कोण होणार यावर फार चर्चा होत नाही.

संस्थांची अडचणही खोटी नाही, तेही सांगते. शिक्षण हक्क कायद्यात 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना, त्यांच्या फीची भरपाई सरकारने करायची. ती वर्षानुवर्षं थकते. ज्या संस्थाचालकाचे पैसे सरकारकडे अडकलेत तो तुमच्या भावाकडे वळणारच. पण म्हणून तो म्हणेल ते द्यायचं असं नाही. प्रवेशासाठी पैसे घेणं 1987 च्या कॅपिटेशन फी बंदीच्या कायद्यात बसत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. इमारत निधी म्हणा नाहीतर विकास निधी.

प्रेषक: सेलूकर, डॅलस

ताई, पण फी वाढवली की ती सगळ्यांनाच वाढते. ज्याची ऐपत आहे त्याने जास्त द्यावं आणि रिक्षावाल्याच्या पोराची फी कमी राहावी, यात वाईट काय? इथे वार्षिक निधीतून कितीतरी मुलांची अर्धी फी भागते.

प्रेषक: ताई, लातूर

सेलूकर दादा, भागते कारण तिथे एकूण किती सवलत दिली त्याचा जमाखर्च बघायला मिळतो. इथे आला तर मीही देईन. तोवर सवलतीचं कलम फीच्या प्रस्तावातच घाला असं मी म्हणत असते. दोन बैठका झाल्या, अजून घातलं नाही. आणि फीवाढीविरुद्ध तक्रार न्यायची तर निदान 25 टक्के पालक एकत्र लागतात. लग्नसराईत तेवढी माणसं जमतात, सहीसाठी जमत नाहीत.

प्रेषक: काका, अंबाजोगाई

मुलांनो,

तुम्ही सगळे फी आणि करसवलत यातच अडकलात म्हणून म्हाताऱ्याने मध्ये तोंड घालतो. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण मुख्यतः उर्दूतून. मराठीतून शिकायचं तर शाळा लोकांनीच उभी करायची. औरंगाबादची सरस्वती भुवन 1915 ची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, इथली योगेश्वरी, दोन्हीकडे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. ह्या शाळा कशावर चालल्या? वर्गणीवर. देणगी देऊच नये हे सूत्र तेव्हा लावलं असतं तर आमच्या पिढीने मराठी पाटी हातात धरली नसती.

म्हणून उदगीरकरा, दे. पण केजीच्या दारात नको. तू ज्या गावच्या शाळेत शिकलास तिथे दे.

प्रेषक: ताई, लातूर

काका, तुमच्याशी भांडण नाही. तेव्हा देणाऱ्याला बदल्यात प्रवेश मिळत नव्हता, उलट निजामाची वक्रदृष्टी ओढवायची. माझं म्हणणं चालू पालकाबद्दल आहे. लेकरू दहावी होऊन बाहेर पडलं की खुशाल द्या, तेव्हा तुमचं काही अडकलेलं नसतं.

प्रेषक: उदगीरकर, न्यू जर्सी

काका, मनात आहे. गावची शाळा एका जुन्या संस्थेची आहे, पत्रे गळतात. पण मी आता इथला नागरिक झालोय. पैसे सरळ पाठवता येतात का?

प्रेषक: सेलूकर, डॅलस

नाही. तुमची देणगी परदेशी धरली जाते. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावच्या संस्थेकडे बहुधा ही नोंदणी नसते. ज्यांचा भारतीय पासपोर्ट अजून आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी धरत नाहीत. भावाला त्याच्या पैशातून पत्रे बसवू द्या. तुमचे पैसे त्याच्या नावावरून फिरवू नका, संस्था गोत्यात येते.

प्रेषक: उदगीरकर, न्यू जर्सी

ठीक. इथल्या शाळेला शंभर डॉलर देतोय, गरजू मुलांच्या फीसाठीच वापरा असं लिहून. बायको खूश. गावच्या पत्र्यांचं भावाशी बोललो, तो म्हणतो बघतो. इमारत निधीला मात्र काय उत्तर द्यायचं? प्रवेश जाईल म्हणून घाबरलाय.

प्रेषक: ताई, लातूर

भावाला म्हणावं, संस्थेच्या नावावर धनादेश देतो, पावतीवर 'प्रवेशासाठी इमारत निधी' असं लिहून द्या. रोख एक रुपयाही नको. एवढं ऐकलं की संस्थेचा माणूस बहुतेक वेळा साहेबांना विचारून सांगतो म्हणून आत जातो. दुसऱ्या दिवशी फॉर्म मिळाला नाही तर मला फोन करायला सांगा, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मी येते सोबत. आणि शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या बाई कोण आहेत तेही त्याने एकदा जाऊन बघावं. आमच्या गल्लीतली चार पोरं यंदा खासगीतून काढून तिथे घातलीयत.