कोंडी हवी तर नकाराधिकार नको, खटला घाला
अथेन्सची सिसिली बेटावरची लष्करी मोहीम (इ.स.पू. ४१५) रद्द झालेल्या तुमच्या कल्पित अथेन्समध्ये एकटा सेनापती नकाराधिकाराने नागरिकांची सभा अडवतो, हे काही पटलं नाही. दहा सेनापतींपैकी एकालाही तो अधिकार नव्हता. त्यापेक्षा ‘ग्राफे पारानोमोन’ म्हणजे बेकायदा ठरावाविरुद्धचा खटला वापरा. ठराव कायद्याविरुद्ध आहे अशी शपथ कुणाही नागरिकाने घेतली, की ठराव लटकला; सभेत मंजूर झालेला असला तरी! मग ५०१ किंवा अधिक ज्युरी, पाण्याच्या घड्याळावर मोजलेली भाषणं आणि त्याच दिवशी निकाल. फुकटचा खोडा मात्र महाग: पुढच्या शतकातल्या नियमाप्रमाणे वादीला एक-पंचमांश मतं पडली नाहीत तर १००० द्राख्मा (चांदीची नाणी) दंड. म्हणजे एकमेकांचे ठराव अडवणाऱ्या दोन्ही गटांमागे पैसेवाले हवेत. पाचशे जणांच्या बुलेत (सभेपुढचे विषय ठरवणाऱ्या मंडळात) पक्ष नका दाखवू, तिथे माणसं मतदानाने नाही, सोडतीने वर्षापुरती येत.