प्रतिसाद: चार दिवसांच्या सुट्टीने भागत नाही

कामाच्या ताणाने पार थकून (म्हणजे बर्नआउट होऊन) राजीनाम्याचा विचार करणाऱ्या धागाकर्त्याला 'बर्नआउट म्हणजे आळसाचं पॉश नाव, चार दिवस कोकणात जाऊन या' असं वर एकांनी लिहिलंय. साफ असहमत.

स्वीडनमध्ये दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याला 2005 पासून अधिकृत निदान आहे, आणि त्याच्या निकषांत स्मरणशक्ती-एकाग्रतेच्या तक्रारीही धरतात. (जागतिक आरोग्य संघटना मात्र बर्नआउटला आजार मानत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते. एचआरवाल्यांच्या पथ्यावरच!) स्वीडनमधल्याच कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट या वैद्यकीय विद्यापीठाच्या 2014च्या अभ्यासात असा थकवा आलेल्या लोकांचे एमआरआय काढले. धोका हेरणारा अमिग्डाला आणि त्याला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग, यांच्यातला संपर्क क्षीण दिसला. नकोशी भावना आवरायला सांगितल्यावर त्यांना ते इतरांपेक्षा जड गेलं.

हाच पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरतो, कामांचा क्रम लावतो, नको ते बाजूला सारतो. म्हणून रोजची सवयीची कामं बिनबोभाट होतात आणि नवीन एक्सेल समोर आली की डोकं ठप्प. ओटीपी वाचून टाइप करेपर्यंत विसरणं हा त्यातलाच प्रकार. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, 'काम तर करतोय की!'

पुढच्या एका अभ्यासात अशाच थकलेल्यांचे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन केले, तेव्हा मेंदूतले काही बदल भरून निघाले होते, सगळे नाहीत.

धागाकर्त्याला एकच सुचवेन: राजीनाम्याआधी थायरॉइड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिथे गडबड असली तरी डोकं असंच चालेनासं होतं.