शब्दचर्चा : कराकुरी म्हणजे कळसूत्री, चावीची बाहुली की आणखी काही?

अनुवादक :
जपानी उत्सवांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'कराकुरी निंग्यो' हा शब्द पानोपानी येतो. निंग्यो म्हणजे बाहुली, तिथे काही अडत नाही. गाडी अडते ती कराकुरीपाशी. 'यांत्रिक बाहुली' लिहिले तर बॅटरीवर नाचणारी डोळ्यांसमोर येते, आणि 'चावीची बाहुली' लिहिले तर जत्रेतले झांजा वाजवणारे पत्र्याचे माकड. 'कळसूत्री बाहुली' सगळ्यांत जवळचे वाटते, पण लेखातली एक बाहुली दोरीशिवाय स्वतःच चालत जाते. वर एका परिच्छेदात 'पैशांची कराकुरी' असाही प्रयोग आहे, तिथे बाहुलीचा काही संबंधच नाही. जाणकारांनी मत द्यावे.

कोशप्रेमी :
ताई, कळसूत्री सोडू नका. 'कळ' म्हणजे खटका, युक्ती आणि 'सूत्र' म्हणजे दोरा, दोन्ही त्या शब्दात आहेत. जपानीतही दोरा ओढून हलवणे अशा अर्थाचे 'कराकुरु' हे जुने क्रियापद असून त्यावरून कराकुरी आला असे सांगतात. म्हणजे दोन्ही भाषांनी बाहुलीकडे एकाच बाजूने पाहिले. त्याआधीचा आपला शब्द हवा असेल तर ज्ञानेश्वरीतला 'साइखडे' आहे, पण तो आज तळटीप दिल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

नागोयाकर :
कामानिमित्त बरीच वर्षे या भागात आहे आणि हा प्रांत कराकुरीचे माहेर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट म्हणजे कराकुरी हे बाहुलीचे नाव नाही. आत दडवलेल्या रचनेला कराकुरी म्हणतात. त्यामुळे कराकुरी घड्याळ असते, चोरदरवाजे आणि फिरत्या भिंती असलेले कराकुरी घर असते. छिद्रातून चित्रे बघायच्या खोक्याला 'नोझोकी-कराकुरी' म्हणतात, आपला 'बारा मन की धोबन'वाला डबा आठवा. तुमची 'पैशांची कराकुरी' याच घरातली. तिथे बेधडक 'गौडबंगाल' लिहा. 'अखेर कराकुरी उलगडली' असे वाक्य आले तर 'मेख सापडली'. मेख हीसुद्धा लाकडातली खुंटीच, त्यामुळे शब्द फार चपखल बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कराकुरी बाहुल्यांचे तीन मोठे प्रकार आहेत आणि त्यांना एकाच मराठी शब्दात कोंबू नये.

'बुताई कराकुरी' म्हणजे रंगमंचावरची. ताकेदा ओमी याने 1662 मध्ये ओसाकाच्या दोतोन्बोरी भागात या बाहुल्यांचे नाट्यगृह काढले. इथे अनेकजण बुनराकूशी, म्हणजे जपानी बाहुली-नाट्याशी, गल्लत करतात. बुनराकूतही बाहुल्याच, गावही तेच आणि 1684 मध्ये उघडलेले ताकेमोतो नाट्यगृह त्याच दोतोन्बोरीत. पण बुनराकूत बाहुली हलवणारे प्रेक्षकांसमोर उभे असतात. 1734 पासून तर एका बाहुलीला तीन-तीन माणसे. त्यात लपवालपवी नाही. कराकुरीत हलवणारा दिसला की खेळ संपला.

'दाशी कराकुरी' म्हणजे उत्सवाच्या रथावरची. दाशी म्हणजे रथ, गावोगाव त्याला यामा, याताई अशी वेगळी नावे. इनुयामाच्या उत्सवाला 1635 पासूनची परंपरा आहे. तिथे 13 तीनमजली रथ निघतात आणि प्रत्येकावर कराकुरी असते. ताकायामात वर्षातून दोन उत्सव, 14-15 एप्रिलला आणि 9-10 ऑक्टोबरला. ऑक्टोबरच्या उत्सवातला 'होतेइताई' रथ चुकवू नये असा. त्यावर ढेरपोट्या होतेइ देव उभा असतो आणि दोन पोरांच्या बाहुल्या एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर जात शेवटी त्याच्या अंगाखांद्यावर येतात. यामागे 36 दोऱ्या आहेत आणि त्या ओढणारी आठ-नऊ माणसे रथाच्या पोटात बसलेली असतात. हे ऐकून कोशप्रेमींना कळसूत्रीच आठवणार. पण आपल्या पिंगुळीच्या बाहुल्यांना दोरे वरून असतात आणि ते दिसतात. इथे दोऱ्या खालून, लाकडी नळीसारख्या तुळईतून जातात. पोर एका झोक्यावरून सुटून दुसरा पकडते तेव्हा तिचा ताबा एका दोरीकडून दुसरीकडे जातो. चाल चुकली तर बाहुली लोंबकळत राहते आणि खालची गर्दी हळहळते.

तिसरा प्रकार 'झाशिकी कराकुरी'. झाशिकी म्हणजे तातामी, म्हणजे गवती चटया, अंथरलेली बैठकीची खोली. तुमच्या लेखातली दोरीशिवाय चालणारी बाहुली बहुतेक यातलीच, 'चाहाकोबी निंग्यो'. 'चा' म्हणजे चहाच, चिनी मुळापासून आपल्याकडे आला तोच, आणि 'हाकोबी' म्हणजे वाहून नेणे. यजमान तिच्या हातातल्या तबकावर पेला ठेवतो. पेल्याच्या वजनाने हात किंचित खाली जातो, आतला अडसर सुटतो आणि ती पाहुण्याकडे निघते. किमोनोखाली चाके आहेत, पावले नुसती हलताना दिसतात. पाहुण्याने पेला उचलला की थांबते. रिकामा पेला परत ठेवला की वळते आणि यजमानाकडे जाते.

ती वळते कशी, ते तर बघण्यासारखे आहे. पेला भरला की रिकामा हे तिला कळत नाही. ठराविक अंतर कापून झाले की मुख्य चक्रावरची खुंटी एका दांड्याला ढकलते आणि पुढचे छोटे चाक वाकडे होते, एवढेच. म्हणजे पाहुण्याला किती अंतरावर बसवायचे हा हिशेब यजमानाचा. पाहुणा म्हणतो बाहुली हुशार, आणि यजमान गालातल्या गालात हसतो. कराकुरी या शब्दाची सगळी गंमत मला त्या हसण्यात दिसते. म्हणून 'स्वयंचलित बाहुली' हा प्रतिशब्द मला रुचत नाही. त्यात यजमान गळून जातो.

आता सामग्री. हे लेखात असेल तर शब्द जपून वापरा. स्प्रिंग पोलादाची नसे. दात नसलेल्या देवमाशाच्या जबड्यात झालरीसारख्या लोंबणाऱ्या चिवट पट्ट्या असतात, त्यातली एक गुंडाळून ती बनवत. चक्रे लाकडाची. अख्ख्या फळीतून चक्र कापले तर रेषा एकाच दिशेला राहतात आणि आडव्या रेषेवरचे दाते पटापट तुटतात. म्हणून लाकडाचे तुकडे पाचरींसारखे जुळवून चक्र करतात, म्हणजे प्रत्येक दात्यात रेषा केंद्रातून बाहेर जाते. चेहरा हिनोकीच्या लाकडाचा, वर शिंपल्याची पूड सरसात कालवून दिलेले लेप. त्या पुडीला 'गोफुन' म्हणतात. कृपा करून 'प्लास्टर' लिहू नका.

हे सगळे उघडपणे लिहून ठेवणारा माणूस तोसा प्रांतातला होसोकावा हान्झो. त्याचा 'कराकुरी झुई' हा सचित्र ग्रंथ 1796 मध्ये तीन भागांत निघाला. पहिल्या भागात घड्याळे आणि पुढच्या दोन भागांत नऊ बाहुल्या, मापांसकट. आजचे कारागीर चहावाली बाहुली बनवतात ती त्याच आराखड्यांवरून. त्यातलीच दुसरी एक बाहुली पाच पायऱ्यांवरून कोलांट्या घेत उतरते. तिच्यात स्प्रिंगच नाही, पोटातला पारा इकडून तिकडे वाहतो आणि तोल बदलत जातो. तिला तुम्ही चावीची बाहुली कशी म्हणणार?

गोव्याचा वाचक :
घड्याळे आली म्हणून एक आठवले. जपानमध्ये यांत्रिक घड्याळ पोहोचले ते फ्रान्सिस झेवियरबरोबर असे मानतात. तो गोव्याहून 1549 मध्ये निघाला, त्याच वर्षी 15 ऑगस्टला कागोशिमाला उतरला आणि 1551 मध्ये यामागुचीच्या ओउची योशिताका या सरदाराला इतर भेटींबरोबर त्याने घड्याळही दिले. म्हणजे झाशिकी बाहुलीच्या दातेरी चक्रांचा एक धागा जुन्या गोव्याला येऊन पोचतो. झेवियरचे शव आजही तिथल्या बॉम जेझस चर्चमध्ये आहे.

नागोयाकर :
धागा खरा आहे. चहावालीचा वेग काबूत ठेवणारा भाग घड्याळातलाच. मात्र कराकुरीची हौस त्याहून जुनी. सम्राट काम्मूचा मुलगा राजपुत्र काया (794–871) याची एक गोष्ट 'कोन्जाकु' कथासंग्रहात आहे. दुष्काळ पडला तेव्हा त्याने हातात भांडे धरलेल्या मुलाची बाहुली करून भातशेतीत उभी केली. भांड्यात पाणी ओतले की ते भरताच उलटून बाहुलीच्या तोंडावर सांडे. ते बघायला अख्खे क्योतो पाणी घेऊन लोटले आणि शेत भिजले. लोकांकडून फुकट पाणी भरून घेण्याची ही कळ मला सगळ्या दातेरी चक्रांपेक्षा आवडते.

कोशप्रेमी :
भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधारा'तही यंत्रपुरुष आहेत, अकराव्या शतकात. 'यंत्रपुतळी' कसा वाटतो?

नागोयाकर :
कानाला छान लागतो, पण देवळातल्या शिल्पासारखा जड आहे. आणि भोजापासून जपानपर्यंत दुवा दाखवता येत नसताना शब्दातून तो सुचवू नये असे मला वाटते.

चाकणचा अभियंता :
आमच्याकडे हा शब्द आधीच रुळला आहे! शॉप फ्लोअरवर 'इथे कराकुरी बसवू' असे सर्रास म्हणतात. मोटर नाही, वीज नाही. भरलेला खोका स्वतःच्या वजनाने उतारावरून पुढे जातो, जाताना वजन वर उचलतो आणि तेच वजन रिकामा ट्रे परत आणते. 'काइझन'सारखा हाही जपानी कंपन्यांतून आला. बाहुलीचा अर्थ आमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. म्हणून मत असे की कराकुरी तसाच ठेवा. अजून एक विचारतो, याला जपानचा पहिला रोबो म्हणतात ते बरोबर का?

नागोयाकर :
पर्यटन पत्रकांचे वाक्य आहे ते. रोबोला भोवतालचे काहीतरी कळावे लागते आणि चहावालीला काही कळत नाही हे वर आलेच. कारखान्यांशी नाते मात्र खरेच आहे. कुरुमेचा तानाका हिसाशिगे (1799–1881) हा कासवाच्या पाठीच्या वस्तू करणाऱ्या कारागिराचा मुलगा. लोक त्याला 'कराकुरी गिएमोन' म्हणत. त्याचा धनुर्धारी मुलगा भात्यातून बाण उचलतो, धनुष्याला लावतो आणि सोडतो. मान तिरकी झाली की त्याच लाकडी चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो, नो नाटकातल्या मुखवट्यासारखा. याच माणसाने 1851 मध्ये 'मान्नेन' घड्याळ केले आणि 1875 मध्ये तोक्योत कारखाना काढला. तोशिबाचा उगम तिथला. तेव्हा कारखान्यात शब्द उसना नेला असे म्हणण्यापेक्षा तो तिथे आधीपासूनच होता असे म्हणा.

कारागिरांचे घराणे हवे असेल तर नागोयातल्या तामाया शोबेइंचा उल्लेख करा. पहिले शोबेइ 1734 मध्ये क्योतोहून इथे आले आणि आज नववी पिढी तेच नाव लावते. ते नाव वारशाने येते, 'नववे शोबेइ' असे लिहावे. आणि या रथांच्या 33 उत्सवांची 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत एकत्र नोंद झाली. त्यातल्या सगळ्याच रथांवर कराकुरी नसते, हे मात्र वाक्यात सांभाळा.

अनुवादक :
मग असे करते : पहिल्या उल्लेखाला 'कराकुरी, म्हणजे आत कळ लपवलेली बाहुली', पुढे नुसते कराकुरी. रथावरच्यांसाठी एकदा 'कळसूत्री धाटणीच्या'. 'कळीची बाहुली' असेही सुचले होते, पण 'कळीचा मुद्दा' रुळला असला तरी बाहुलीपुढे 'कळीची' आले की वाचणाऱ्याला जाई-जुईच आठवणार. दोन शंका उरल्या. काही ठिकाणी 'काराकुरी' लिहिलेले दिसते, ते चालेल? आणि लिंग कोणते, अनेकवचन काय?

कोशप्रेमी :
'काराकुरी' नको. मूळ उच्चारात चारही स्वर ऱ्हस्व आहेत. मराठी शिरस्त्याप्रमाणे शेवटचा दीर्घ लिहू आणि 'रा' कानाला लागतो तसा ठेवू, पण पहिला 'क' उगाच ताणायला नको. घाईत वाचले तर काराकुरी कारकुनाच्या नात्यातली वाटते. लिंग स्त्रीलिंगीच, ईकारान्त आहे आणि मागे बाहुली अध्याहृत आहे. कारखान्यातली मंडळी काय म्हणतात?

चाकणचा अभियंता :
'ती कराकुरी', आणि दोन बसवल्या तर 'दोन कराकुऱ्या'. साहेब लोक 'दोन कराकुरी' म्हणतात.

अनुवादक :
कराकुऱ्या घेते. संपादकांनी खोडले तर बघू.